जुन्यावर नवे की कोरी पाटी : हवल्लीतील संगणक आणि ऑपरेटिंग सिस्टीम

कुवेत शहराच्या आग्नेयेस वसलेले हवल्ली हे त्या देशातील अत्यंत दाट वस्तीचे उपनगर असून, तेथील इब्न खल्दून मार्गावर संगणक, त्यांचे सुटे भाग आणि दुरुस्ती यांची दुकाने एकमेकांना खेटून उभी आहेत. जवळचे रिहाब संकुल व्हिडिओ गेम आणि तत्सम सामग्रीसाठी देशभर ओळखले जाते. हवल्ली प्रांतातच मोडणाऱ्या सालमियासारख्या भागांत भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे आणि त्यांत मराठी घरेही आहेत. लॅपटॉप मंदावला किंवा विंडोजची नवी आवृत्ती टाकायची वेळ आली की या बाजाराची आठवण होणे ओघानेच आले. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या आवृत्तीला देण्यात येणारे नेहमीचे सुरक्षा-साहाय्य थांबवले, घरगुती ग्राहकांसाठी एका वर्षाची, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची विस्तारित सोय तेवढी ठेवली, आणि त्यामुळे एक जुनाच प्रश्न पुन्हा पुढे आला : असलेल्या ऑपरेटिंग सिस्टीमवरच नवी आवृत्ती चढवावी, की डिस्क फॉरमॅट करून सारे नव्याने मांडावे?

दुकानातले ठरलेले उत्तर फॉरमॅटचे असते. ते सर्वस्वी चुकीचे नाही, परंतु ज्या काळात ते तयार झाले तो काळ मागे पडला आहे, आणि आज ते योग्य ठरते तेव्हा त्यामागची कारणे बहुधा निराळीच असतात.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे संगणकाची डिस्क, पडदा, कळफलक, छपाईयंत्र आदी अवयव आणि त्यावर चालणारे प्रोग्राम यांच्यामध्ये उभा असणारा मूलभूत कारभारी प्रोग्राम होय. तिची नवी आवृत्ती दोन रीतींनी येते. जागच्या जागी अपग्रेड करताना वापरकर्त्याच्या फाइली, बसवलेले प्रोग्राम आणि मांडणी कायम राहून केवळ प्रणालीचा गाभा बदलतो. कोऱ्या स्थापनेत मात्र डिस्कचा तो भाग पुसून टाकला जातो आणि प्रणाली कारखान्यातून आल्यासारखी नव्याने उभी राहते, ज्यानंतर प्रत्येक प्रोग्राम, प्रत्येक परवाना आणि प्रत्येक बारीकसारीक पसंती पुन्हा भरावी लागते.

विंडोज ९८ आणि एक्सपी यांच्या काळात अपग्रेडची ख्याती वाईट होती, आणि तीही सकारण. त्या काळी स्थापनेचा प्रोग्राम सीडीवरील फाइली एकेक करून डिस्कवर उतरवीत असे आणि अपग्रेडमध्ये त्या जुन्या विंडोजच्याच फोल्डरात, जुन्यांच्या जागी बसत. परिणामी एखादा जुना ड्रायव्हर, म्हणजे विशिष्ट यंत्रभागाशी बोलण्यासाठी लागणारा छोटा प्रोग्राम, नव्या गाभ्यात तसाच अडकून राही आणि महिनोन्महिने त्रास देई. २००७ मध्ये बाजारात आलेल्या व्हिस्टापासून ही रीत मुळातून बदलली. आता संपूर्ण प्रणाली एका संकुचित प्रतिमा-फाइलीत तयार असते आणि अपग्रेड करतानाही तीच प्रतिमा उलगडून नवे फोल्डर निर्माण केले जाते, मग जुन्या प्रणालीतून जे न्यायचे ते त्यात आणले जाते. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर, आजचे अपग्रेड हे पुष्कळसे कोऱ्या स्थापनेसारखेच असते, ज्यात सामान हलवण्याचे काम संगणक स्वतः करतो.

या कामाचे चार टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात जुनी विंडोज चालू असतानाच डिस्कवरील मोकळी जागा, प्रोसेसर आणि प्रोग्रामांची सुसंगती तपासली जाते व नवी प्रतिमा उतरवून घेतली जाते. दुसऱ्यात संगणक एका लहान, स्वतंत्र दुरुस्ती-प्रणालीत सुरू होतो, कारण चालू असलेल्या प्रणालीला स्वतःचा पाया उचकटता येत नाही, आणि तेथे जुनी प्रणाली 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरात बाजूला सारून नवी मांडली जाते. तिसऱ्या टप्प्यात नवी प्रणाली प्रथमच सुरू होऊन यंत्रभाग ओळखते, चौथ्यात वापरकर्त्याची खाती आणि मांडणी लागू होते. यांपैकी कोठेही बिघाड झाला तर बाजूला ठेवलेली जुनी प्रणाली परत जागेवर आणण्याची व्यवस्था आहे, आणि सारे सुरळीत पार पडल्यावरही दहा दिवसांपर्यंत वापरकर्त्याला मागे फिरता येते. त्यानंतर तो जुना फोल्डर आपोआप पुसला जातो. कोऱ्या स्थापनेत ही माघारीची वाट नसते. २०२४ च्या जूनमध्ये उष्म्यामुळे विजेची मागणी वाढून कुवेतमध्ये काही भागांत नियोजित वीजकपात करावी लागली होती. अशा दिवसांत बॅटरी उतरलेल्या जुन्या लॅपटॉपवर यांपैकी काहीही सुरू करू नये, हे वेगळे सांगायला नको.

अपग्रेडची साखळी किती लांब ताणता येते याचे एक गमतीदार प्रात्यक्षिक २०११ मध्ये अँड्र्यू टेट यांनी व्हिडिओद्वारे दाखवले. एमएस-डॉस ५ आणि विंडोज १.० पासून आरंभ करून त्यांनी एकाच आभासी संगणकावर क्रमाक्रमाने आवृत्त्या चढवीत विंडोज ७ गाठली, आणि अगदी आरंभीच्या आवृत्तीत निवडलेले रंग पुढच्या कित्येक आवृत्त्यांत टिकून राहिले. जुने सोबत येते याचा हा पुरावा. ते गुण म्हणावे की दोष, हे काय सोबत आले यावर ठरते.

फॉरमॅटच्या बाजूने नेहमी मांडला जाणारा दावा वेगाचा. विंडोज आपली सारी मांडणी रजिस्ट्री नावाच्या एका मोठ्या नोंदसंग्रहात ठेवते. वर्षानुवर्षे ती फुगते आणि त्यामुळे संगणक मंदावतो, अशी समजूत रूढ आहे. रजिस्ट्री ही फांद्याफांद्यांनी रचलेली असल्याने हवी ती नोंद शोधताना बाकीच्या हजारो नोंदी चाळाव्या लागत नाहीत, तेव्हा तिच्या आकारमानाचा वेगावर होणारा परिणाम जवळपास नगण्य असतो. मंदपणाची खरी कारणे निराळी असतात : संगणक सुरू होताच आपसूक जागे होणारे दहा-बारा प्रोग्राम, काठोकाठ भरलेली डिस्क, दोन-दोन अँटिव्हायरस, आणि पुष्कळदा फिरत्या तबकड्यांची जुनी हार्ड डिस्क. फॉरमॅटनंतर संगणक पळू लागतो तो यांतले प्रोग्राम गेल्यामुळे, आणि ते टास्क मॅनेजरमधून पाच मिनिटांत बंदही करता येतात. फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली डिस्क, बसवण्याने जो फरक पडतो तो तर कोणत्याही फॉरमॅटने पडणार नाही.

अपग्रेड निर्धोक आहे, असा याचा अर्थ नव्हे. २ ऑक्टोबर २०१८ रोजी विंडोज १० चे एक मोठे अद्यतन खुले झाले आणि काही वापरकर्त्यांच्या डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा फोल्डरांतील फाइली नाहीशा झाल्याचे उघडकीस आल्यावर मायक्रोसॉफ्टला ते चार दिवसांत थांबवावे लागले. सुधारित रूपात ते १३ नोव्हेंबरला पुन्हा आले. ज्यांनी हे फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हकडे वळवले होते, पण काही फाइली मूळ जागी तशाच राहू दिल्या होत्या, त्यांच्या बाबतीत अद्यतनाने मूळ फोल्डर रिकामा व निरुपयोगी समजून काढून टाकला होता. तात्पर्य, बॅकअप दोन्ही मार्गांना सारखाच लागतो.

हवल्लीच्या बाजारात मात्र अशा काही परिस्थिती वारंवार उद्भवतात, ज्या पुण्यात किंवा नागपुरात क्वचित आढळतात, आणि त्यांपैकी पहिली भाषेची आहे. विंडोजची प्रत्येक प्रत एका मूळ भाषेत बसवलेली असते; पडद्यावर दिसणारी भाषा नंतर बदलली तरी ही मूळ भाषा बदलत नाही. अपग्रेड करताना नव्या प्रतीची मूळ भाषा जुनीशी जुळली नाही, तर प्रोग्राम व मांडणी राखण्याचा पर्याय बंद होतो आणि केवळ वैयक्तिक फाइली राखणे किंवा काहीच न राखणे एवढेच उरते. कुवेतमध्ये घेतलेल्या लॅपटॉपमध्ये मूळ प्रत अरबी असू शकते, दुकानदाराच्या पेनड्राइव्हवर असते इंग्रजी, आणि अपग्रेडचा आरंभच अडतो. याच्या उलट भारतातून नेलेल्या अनेक लॅपटॉपांत 'होम सिंगल लँग्वेज' ही आवृत्ती असते, जी एकाच दर्शनी भाषेपुरती मर्यादित असल्याने तिच्यात दुसरी भाषा भरताच येत नाही. असा लॅपटॉप अरबी सहकाऱ्याला विकायचा तर हीच आवृत्ती आड येते. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, कंपनीने बसवून दिलेल्या विंडोजची परवाना-किल्ली संगणकाच्या मदरबोर्डवरील चिपमध्येच नोंदलेली असते, त्यामुळे कोऱ्या स्थापनेतही ती किल्ली वाचून तीच आवृत्ती निवडली जाते. दुकानात 'प्रो' आवृत्ती टाकून देतो असे कोणी म्हटले तर त्या 'प्रो'चा परवाना कोठून येणार, हे विचारायला हरकत नसावी.

अरबी आणि मराठी यांचे भाग्य संगणकावर एकेकाळी याहून जवळून जोडलेले होते. अरबी संगणनाच्या इतिहासात कुवेतचे स्थान मोठे आहे : १९८२ मध्ये मुहम्मद अल-शारिख यांनी तेथे सुरू केलेल्या 'सख्र' या उपक्रमाने अरबी बोलणारे घरगुती संगणक आखाती देशांत पोहोचवले आणि १९९० च्या इराकी आक्रमणानंतर त्याला आपला मुक्काम कैरोत हलवावा लागला. अरबीत अक्षर शब्दाच्या आरंभी, मध्ये आणि अंती वेगळे रूप घेते. देवनागरीत पहिली वेलांटी व्यंजनानंतर उच्चारली जाते पण लिहिली जाते आधी, आणि जोडाक्षरे अवयव मोडून जुळतात. अशा लिप्यांना संगणकशास्त्रात जटिल लिपी म्हणतात, कारण त्यांत साठवलेले अक्षर आणि दिसणारे अक्षर यांत एक-एकाचे नाते नसून मध्ये जुळणी करणारे इंजिन लागते. इंग्रजी विंडोज एक्सपीत हे इंजिन सुरुवातीला चालू नसे. कंट्रोल पॅनेलमधील प्रादेशिक व भाषिक मांडणीत जटिल व उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या लिप्यांसाठी एक चौकट होती, तिच्यावर खूण करून मूळ सीडी घातली म्हणजे अरबी, देवनागरी आणि थाई या सर्वांची सोय एकदमच होई. खूण नसेल तर अरबी अक्षरे सुटी पडत आणि मराठी 'किती'तली पहिली वेलांटी भलत्याच जागी लटके. म्हणजे अरबीसाठी सिद्ध केलेल्या संगणकात मराठीचीही जुळणी आपोआप होत असे, आणि इंग्रजी प्रतीची कोरी स्थापना झाली की दोन्ही एकदमच बिघडत. व्हिस्टापासून हे इंजिन सर्व प्रतींत कायमचे चालू असते, म्हणून तो त्रास आज उरलेला नाही.

त्याचा एक धाकटा भाऊ मात्र उरला आहे. विंडोज २००० पासून मराठी लिहिण्यासाठी ओळखीचा झालेला 'मंगल' हा फाँट, तसेच 'कोकिळा', 'उत्साह', 'अपराजिता' हे देवनागरी फाँट विंडोज १० पासून मूळ प्रतीतून काढून 'देवनागरी पूरक फाँट' नावाच्या ऐच्छिक संचात ठेवले आहेत. भाषांच्या यादीत हिंदी किंवा मराठी जोडली की तो संच उतरतो; इंग्रजी आणि अरबी एवढ्याच भाषा ठेवून केलेल्या कोऱ्या स्थापनेत तो नसतो आणि 'मंगल'मध्ये बेतलेला मजकूर 'निर्मला' या फाँटात उघडून ओळी व पाने सरकतात. अक्षरे वाचता येतात, फक्त मांडणी बिघडते. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतंत्र संकेत देणारी पद्धत, रूढ होण्यापूर्वीच्या फाँटांचे नुकसान याहून कितीतरी गंभीर. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे 'श्रीलिपी' आणि सी-डॅकचे 'आयएसएम' यांत वर्षानुवर्षे टंकलेल्या फाइलींत मराठी अक्षरांचे संकेत नसतातच. लॅटिन अक्षरांच्या संकेतांवर मराठी आकृत्या चढवलेल्या असतात. तो विशिष्ट फाँट डिस्कवरून गेला की जुन्या स्मरणिकेच्या, सभेच्या इतिवृत्ताच्या किंवा वंशावळीच्या जागी निरर्थक चिन्हांची रांग उभी राहते. फाइल शाबूत असते आणि तरीही वाचता येत नाही. मंडळाचे किंवा घराचे असे जुने दप्तर ज्या संगणकावर असेल, त्याच्या फाँट फोल्डराची प्रत फॉरमॅटपूर्वी काढून ठेवणे आणि जमल्यास मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करणे हे बाकी सर्व बॅकअपइतकेच महत्त्वाचे; अपग्रेडमध्ये हे फाँट बहुधा जागेवरच राहतात.

फाँटांप्रमाणेच दुर्लक्षित राहणाऱ्या आणखी काही गोष्टी आहेत. दुकानात बॅकअप म्हणून डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवले जातात, परंतु हिशेबनिसाच्या संगणकावर टॅली ईआरपी ९ ची आकडेवारी अनेकदा थेट सी ड्राइव्हवरील टॅलीच्या स्वतःच्या फोल्डरात असते, आणि टॅलीचा परवाना त्या यंत्राशी बांधलेला असल्याने फॉरमॅट करण्यापूर्वी तो प्रोग्राममधूनच परत सोपवावा लागतो. ब्राउझरचे पासवर्ड हे आणखी फसवे प्रकरण आहे. क्रोम ब्राउझर ते एका फाइलीत ठेवतो हे खरे, पण विंडोज ती माहिती वापरकर्त्याच्या त्या विशिष्ट खात्याशी निगडित किल्लीने कुलूपबंद करते. फोल्डर जसाच्या तसा उचलून नव्याने बसवलेल्या विंडोजमध्ये ठेवला, तरी खाते त्याच नावाचे असले तरी ते वेगळेच असल्याने, कुलूप उघडत नाही. फॉरमॅटपूर्वी पासवर्ड गूगल खात्याशी जुळवून ठेवले किंवा वेगळ्या फाइलीत काढून घेतले असतील तरच ते वाचतात.

२०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीने यात नवी गुंतागुंत आणली. मायक्रोसॉफ्ट खाते वापरून तिची कोरी स्थापना केली की पुष्कळशा संगणकांवर डिस्कचे संकेतन, म्हणजे किल्लीवाचून मजकूर वाचता येऊ नये अशी व्यवस्था, आपोआप सुरू होते. अपग्रेड करून आलेल्या संगणकात मात्र पूर्वीची स्थिती कायम राहते. चोरीच्या दृष्टीने ही उत्तम तरतूद आहे. अडचण तेव्हा येते, जेव्हा बिघाडानंतर संगणक अठ्ठेचाळीस अंकी पुनःप्राप्ती-किल्ली मागतो. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते, आणि त्या खात्यात शिरण्यासाठी लागणारा संकेतांक जर कुवेतच्या मोबाइल क्रमांकावर येत असेल, तर निवासपरवाना संपवून रत्नागिरीला परतलेल्या माणसाला स्वतःचीच डिस्क परकी होते. ही किल्ली कागदावर उतरवून ठेवणे हा साधा उपाय आहे, आणि दुकानदाराने दुकानाच्याच एखाद्या खात्याने स्थापना उरकली असेल तर ते खाते तेथल्या तेथे बदलून घेणे हा दुसरा.

अपग्रेड मुळातच शक्य नसते अशाही स्थिती आहेत. ३२ बिटच्या विंडोजवरून ६४ बिटकडे जागच्या जागी जाता येत नाही, आणि विंडोज ११ केवळ ६४ बिटमध्येच आहे. विंडोज ७ वरून थेट ११ कडे जातानाही काही राखले जात नाही. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप, सिक्युअर बूट, किमान ४ जीबी मेमरी, ६४ जीबी साठवण आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. जुन्या पद्धतीने विभागलेली डिस्क हे कारण सांगून कोणी फॉरमॅट सुचवले तर मात्र घाई करू नये, कारण २०१७ पासून विंडोजमध्येच एक साधन आहे जे मजकुराला हात न लावता डिस्कची विभागणी नव्या पद्धतीची करते. आवश्यक चिप नसलेल्या यंत्रावर अटी चुकवून विंडोज ११ बसवून देणारेही आहेत. अशा यंत्राला पुढील अद्यतने मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. त्यापेक्षा त्यावर लिनक्स बसवणे शहाणपणाचे.

लिनक्सच्या जगात तर हा वाद पुष्कळसा निकालात निघाला आहे. डेबियन या वितरणात एका आवृत्तीवरून लगतच्या पुढील आवृत्तीवर जागच्या जागी जाणे हाच शिष्टसंमत मार्ग मानला जातो, मधली आवृत्ती गाळून उडी मात्र मारायची नसते. शिवाय वापरकर्त्याचे घर, म्हणजे 'होम' फोल्डर, वेगळ्या विभागात ठेवले की कोरी स्थापना करूनही ते अबाधित राहते. ॲपलने २०१९ च्या कॅटलिनापासून मॅकमध्ये प्रणालीचा विभाग केवळ वाचनापुरता करून तो वापरकर्त्याच्या विभागापासून तोडला. अनेक अँड्रॉइड फोनांत २०१६ पासून प्रणालीच्या दोन प्रती शेजारी-शेजारी असतात. नवी आवृत्ती वापरात नसलेल्या प्रतीवर चढते आणि फोन पुन्हा सुरू झाला की तीच वापरात येते. फोनला नवी आवृत्ती आली म्हणून तो पुसून काढावा असे कोणाच्या मनातही येत नाही.

तेव्हा चांगल्या चालणाऱ्या, स्वतः विकत घेतलेल्या आणि मूळ भाषा व आवृत्ती जुळणाऱ्या संगणकावर आधी अपग्रेड करावे. कोरी स्थापना राखून ठेवावी ती मूळ प्रत चुकीच्या भाषेत असलेल्या, विषाणूने बाधलेल्या, अगर मागील मालकाकडून हाती आलेल्या यंत्रासाठी. हवल्लीत या शेवटच्या प्रकाराचा वाटा मोठा असावा, कारण नोकरी संपवून परतणारा माणूस आपला लॅपटॉप बहुधा तेथेच कोणाला तरी विकून जातो. जुना लॅपटॉप घेणाऱ्याने, तो कितीही स्वच्छ दिसला तरी, स्वतःच्या पेनड्राइव्हवरून, मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून घेतलेल्या प्रतीने विंडोज नव्याने बसवावी, कारण आधीच्या मालकाने किंवा दुकानाने त्यात काय काय टाकून ठेवले आहे हे कळण्याचा दुसरा मार्ग नसतो. वाय-फायचे ड्रायव्हर आधीच वेगळे उतरवून ठेवावे, कारण विंडोज ११ ची स्थापना इंटरनेट जोडणीवाचून अडून बसते. विकणाऱ्याने सी ड्राइव्हवर नुसते फॉरमॅट मारून समाधान मानू नये, कारण झटपट फॉरमॅटमध्ये केवळ अनुक्रमणिका पुसली जाते आणि विशेषतः फिरत्या डिस्कवरील पासपोर्ट, सिव्हिल आयडी व पगारपत्रकांच्या प्रती परत काढता येतात. रिसेटच्या वेळी ड्राइव्ह पूर्णपणे साफ करण्याचा पर्याय निवडावा, त्याआधी डिस्कचे संकेतन चालू केलेले असल्यास अधिक चांगले, आणि आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याच्या यादीतून ते यंत्र काढून टाकावे.